पाणकोटातल्या कैद्यांची बहीण

आज जिथे खारफुटीशिवाय काही उगवत नाही, त्या खाडीच्या काठी एके काळी एक राज्य नांदत होतं. गोष्ट किती जुनी म्हणाल, तर ती सांगणारे म्हातारेसुद्धा आपण ती आजोबांकडून ऐकली असं म्हणत. मुलांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्हीही जरा टेका, कारण ही गोष्ट मुलांपेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

त्या राज्यात मिठागरं पुष्कळ. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि पांढरंशुभ्र मीठ ओढून ढीग लावायचे, हाच निम्म्या प्रजेचा धंदा. खाडीच्या तोंडाशी एका मोठ्या खडकावर राजाचा किल्ला होता. चारी बाजूंनी पाणी, म्हणून त्याला पाणकोट म्हणत. ओहोटी लागली की काठापासून किल्ल्यापर्यंत खडकांची वाट उघडी पडे. भरती आली की ती पाण्याखाली जाई.

राजाचे कैदी पाणकोटात असत, आणि तिथला एक नियम होता. किल्ल्यावरून कैद्याला मिळे ते फक्त पाणी. पोटाला काय हवं ते घरच्यांनी आणून द्यायचं. ज्याला घरचं कोणी नाही त्याचं काय होई, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

खाडीकाठच्या एका वाडीत काही घरं ख्रिस्ती लोकांची होती. माणसं गरीब, कष्टाळू. आठवडाभर मिठात राबायची आणि रविवारी एका कुडाच्या झोपडीत जमून येशूचं नाव घ्यायची, गायची. त्यांच्यात कैतानबाबा वडीलधारे. होड्यांच्या फटी बुजवणं हा त्यांचा धंदा. हाताला सदा डांबराचा वास. त्यांना ना बायको उरली होती ना मूलबाळ. पण वाडीतलं कोणतंही पोर आजारी पडलं की पहिले धावून येत ते कैतानबाबा.

त्याच वाडीत दुलसीन नावाची एक विधवा राहत होती. नवरा समुद्रात गेला तो परतला नाही. तेव्हापासून राजाच्या मिठागरातला एक वाफा कसून ती पोट भरत होती. बोलायला मवाळ, स्वभावाने भित्री. कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायची.

एकदा काय झालं, राजा मोठी लढाई जिंकून आला. विजय डोक्यात गेला. त्याने दवंडी पिटवली, की प्रजेतल्या प्रत्येकाने चावडीवर यावं, सिंहासनासमोर गुडघे टेकावेत आणि म्हणावं, "माझ्या देहाचा आणि आत्म्याचा धनी राजा, दुसरा कोणी नाही."

लोक रांगा लावून आले. कोणी मनातून म्हटलं, कोणी नुसतं ओठातून. म्हणून मोकळे झाले आणि घरी गेले.

कैतानबाबांची पाळी आली तेव्हा ते सरळ उभे राहिले. म्हणाले, "महाराज, देह तुमच्या राज्यात राबतो, तो तुमचाच. राबवून घ्या. आत्म्याचा धनी मात्र क्रुसावर गेलेला आमचा प्रभू. तो मी दुसऱ्याला देऊ शकत नाही. दिला तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलणारी प्रजा तुमच्या तरी काय कामाची?"

शिपायांनी त्यांचे हात बांधले आणि बाजूला उभं केलं. त्यांच्यामागे इनास होता, मिठागरातला तरणाबांड गडी, रागीट पण मनाचा स्वच्छ. त्यानेही नकार दिला. त्यालाही बांधलं.

इनासच्या मागे दुलसीन होती.

तिने बांधलेले हात पाहिले. शिपायाच्या हातातली दोरी पाहिली. तिचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. ज्या वाक्याला त्या दोघांनी नकार दिला होता, तेच वाक्य तिच्या तोंडून अक्षरनअक्षर बाहेर पडलं. कैतानबाबा हातभर अंतरावर उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे तिच्यामागून वाडीतल्या बाकीच्या सगळ्यांनीही ते वाक्य म्हटलं.

राजा चिडला होता. "या दोघांचं डोकं उडवा," म्हणाला.

पण त्याचा प्रधान थंड डोक्याचा. तो राजाच्या कानाशी लागला. "महाराज, मारलेल्या माणसाच्या नावाने लोक दिवा लावतात. कोंडलेल्याचं तसं नाही. चार दिवस हळहळतात, मग ज्याचं त्याला काम असतं. यांना पाणकोटात टाका. म्हाताऱ्याला कोणी नाही, आणि या पोराला घरचे भीतीने जवळ करणार नाहीत. तुमच्या हाताला रक्तही लागणार नाही आणि वर्षभरात यांची नावंही कोणाला आठवणार नाहीत."

राजाला ते पटलं.

वाडीत त्या संध्याकाळी चूल पेटली ती फक्त मुलांसाठी. सगळे पेद्रूशेठच्या ओटीवर जमले. पेद्रूशेठ मिठाचा व्यापारी, वाडीत त्याचंच घर तेवढं कौलारू. कैतानबाबा गेल्यावर लोक आपसूक त्याच्या तोंडाकडे पाहू लागले.

"आपण प्रार्थना करू," पेद्रूशेठ म्हणाला. "पण घरात. दार लावून. पाणकोटाच्या वाटेला कोणी जायचं नाही. आज दोघे गेलेत, उद्या वाडी जाईल. लेकराबाळांचा विचार करा."

"आणि त्यांच्या जेवणाचं काय?" कोणीतरी विचारलं.

"इनासला भाऊ आहे ना?"

इनासच्या भावाने दुपारीच भर बाजारात सांगितलं होतं, की इनास आमचा कोणी लागत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलसीनने तांदळाची भाकरी केली. तव्यावरून उतरवली, पहिला घास मोडला, आणि तो घशाखाली उतरेना. ती पाणी प्याली. तरी उतरेना. समोर खिडकीतून पाणकोट दिसत होता.

'मी जाऊन तरी काय तोंडाने जाऊ?' तिच्या मनात आलं. 'बाबांच्या देखत मी ते वाक्य बोलले. माझ्या हातची भाकरी ते का खातील?'

असा विचार करत ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी तिने आणखी भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या आणि ओहोटी पाहून खडकांच्या वाटेला लागली. खडक शेवाळाने निसरडे. शिंपल्यांच्या धारेने पाय कापले. तशीच ती किल्ल्याच्या दाराशी पोचली.

किल्लेदार दारातच बसला होता. जाडजूड मिशा, एक पाय लढाईत अधू झालेला. त्याने विचारलं, "कोणासाठी?"

"कैतानबाबा. आणि इनास."

"कोण लागतेस त्यांची?"

ती गडबडली. "शेजारीण."

"शेजारणीचं अन्न चालत नाही. नातं पाहिजे. नियम म्हणजे नियम. जा परत, पाणी चढायच्या आत."

दुलसीन परत फिरली. काठावर पोचेपर्यंत पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. भाकऱ्या तिने घरी आणून ठेवल्या. त्यांना हात लावायची हिंमत तिला झाली नाही.

त्या दिवशी ती पुष्कळ रडली. भीती तर होतीच. पण भीतीपेक्षा जास्त तिला लागलं ते तिचं स्वतःचं उत्तर. चावडीवर ती प्रभूला परकी झाली, आणि दाराशी ती माणसांना परकी झाली. 'शेजारीण.' वर्षानुवर्षं एका झोपडीत बसून ती त्या माणसांबरोबर देवाला बाप म्हणत आली होती!

दुसऱ्या ओहोटीला ती पुन्हा गेली. ताज्या भाकऱ्या घेऊन.

"कोण लागतेस?" किल्लेदाराने तोच प्रश्न विचारला.

"बहीण."

किल्लेदार हसला. "दोघांचीही?"

"दोघांचीही."

"म्हातारा सत्तरीचा, पोरगा पंचविशीचा. तुमचा बाप तरी कोण?"

दुलसीनने वर आभाळाकडे पाहिलं. "बाप एकच आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तर ते आत आहेत."

किल्लेदाराचं हसू मावळलं. "बाई, बोललीस ते समजून बोललीस का? हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," ती म्हणाली. शब्द तिने बदलला नाही.

नियमात नातं एवढंच लिहिलेलं होतं, कोणत्या बापाचं ते लिहिलेलं नव्हतं. किल्लेदार बाजूला झाला.

कोठडीत ओल होती. कैतानबाबा भिंतीला टेकून बसले होते. दोन दिवसांत माणूस अर्धा झाला होता. इनासने भाकरी हिसकावून घेतली, आणि मग लाजून आधी म्हाताऱ्यापुढे धरली.

दुलसीन उंबऱ्यातच उभी राहिली. "बाबा, मी त्या दिवशी..."

"ऐकलं मी," कैतानबाबा म्हणाले.

तिने मान खाली घातली.

"तुझा आवाज रडवेला झाला होता, तेही ऐकलं. अगं पोरी, दोरी बघून माझ्याही पायांत कापरं भरलं होतं. मी पडलो नाही एवढंच. त्यात माझी काही बढाई नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ये, बस. उभ्याउभ्या बहिणीने भावाला जेवू घालू नये."

ती बसली. तिघांनी मिळून प्रार्थना केली. त्या दिवशी दुलसीनच्या घशाखाली घास उतरला.

मग ती रोज जाऊ लागली. ओहोटी सकाळी असो, भर दुपारी असो, भाकऱ्यांचं फडकं घेऊन ती खडकांवरून निघे. वाडीतले लोक दाराआडून पाहत. कोणी तिच्याबरोबर येत नसे. पेद्रूशेठने तिला वाटेत गाठून सांगितलं, "तू आम्हा सगळ्यांना गोत्यात आणशील." ती म्हणाली, "शेठ, मी कोणाचं नाव घेत नाही. फक्त भाकरी नेते."

गोत्यात मात्र तीच आली. मिठागराच्या मुकादमाने तिचा वाफा काढून घेतला. राजाच्या कैद्यांची जी बहीण म्हणवते, तिला राजाच्या मिठागरात जागा नाही, असं म्हणाला.

शेजारी धुरपा नावाची कोळीण राहायची. तिचा देव वेगळा, दुलसीनचा देव वेगळा. पण दोघींच्या घरांमध्ये कुंपण नव्हतं. धुरपाने ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग म्हणाली, "रडतेस काय गो? माझे बोंबील वाळत घालायला माणूस पाहिजेच आहे. तांदूळ देईन. आणि त्या तुझ्या भावांना नुसती भाकरी काय नेतेस, सुकट ने थोडी. कोरडं कोरडं गिळवत नाही माणसाला."

"धुरपा, तुला त्रास होईल."

"मी तुला तांदूळ देते. तू ते कोणाच्या तोंडात घालतेस ते मी बघायला येते का?"

असं वर्ष सरत आलं. आता लोक विसरले असतील अशी खात्री होऊन प्रधान एके दिवशी पाणकोट पाहायला आला. पाहतो तर दोघेही कैदी जिवंत. कैतानबाबांना खोकल्याने ग्रासलं होतं, पण ते गात होते.

"हे जगले कसे?" त्याने विचारलं.

किल्लेदाराने मुकादमापलीकडे वर काही कळवलं नव्हतं; आता होतं ते सांगितलं.

प्रधान विचारात पडला. म्हणाला, "ठीक आहे. नातेवाइकाला अडवता येत नाही. पण राजाचं वाक्य म्हणायला लावता येतं. यापुढे जो अन्न घेऊन येईल त्याने दारात ते वाक्य म्हणावं. म्हणेल तो अन्न देऊन परत जाईल. नाही म्हणणार तो आत राहील."

दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने दुलसीनला हुकूम ऐकवला. सांगताना त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, शब्दच आहेत. एकदा म्हणालीच आहेस ना? पुन्हा म्हण. हळू म्हटलंस तरी मी ऐकलं म्हणेन. भाकरी आत जाईल."

मंडळी, इथे जरा थांबा. दुलसीनच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. एका हातात गरम भाकरी. आत दोन भुकेली माणसं. एक वाक्य बोललं तर आजही जेवण, उद्याही जेवण. नाही बोललं तर आज कसंबसं, आणि उद्या कोण?

दुलसीनला ते वाक्य जिभेवर आल्यासारखं वाटलं. किती ओळखीचं होतं ते! पण तिला दिसलं, की आतली माणसं ज्या एका गोष्टीसाठी उपाशी राहिली, तीच गोष्ट दारात विकून ती त्यांच्यासाठी भाकरी विकत घेणार होती. तशी भाकरी कैतानबाबांसमोर ठेवायची कशी?

"नाही म्हणणार," ती म्हणाली.

किल्लेदाराने सुस्कारा सोडला आणि दार उघडलं. ती आत गेली. दार बाहेरून बंद झालं.

इनासला कळलं तेव्हा त्याने डोकं धरलं. "काय केलंस हे? म्हणून टाकायचं होतंस! आम्ही काय तुला बोल लावला असता? आता बाबांना कोण जगवणार?"

कदाचित आपलं चुकलंच असेल, असं दुलसीनच्या मनात येऊन गेलं. कैतानबाबा तेवढे शांत होते. ते म्हणाले, "इनास, तू चावडीवर नाही म्हणालास तेव्हा कोणी तुला असं विचारलं होतं का?"

त्या दिवशीची भाकरी तिघांत वाटली. मग एक ओहोटी आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. कोठडीच्या झरोक्यातून खडकांची वाट दिसायची. दुलसीन तिथे उभी राहून पाहत राही. वाट उघडी पडे, बगळे येऊन बसत, आणि पुन्हा पाणी चढे. कैतानबाबांना आता उठून बसवत नव्हतं.

तिसऱ्या ओहोटीला वाटेवर एक बाई दिसली. डोक्यावर वेताचा हारा, चाल दांडगी.

"धुरपा!" दुलसीन ओरडली.

दारातलं बोलणं झरोक्यापर्यंत येत होतं.

"कोण लागतेस?" किल्लेदार विचारत होता.

"दुलसीनची बहीण."

"तू तर कोळीण. तुझा देव वेगळा."

"देव वेगळा असला म्हणून काय झालं? माझ्या बाळंतपणात पाच रात्री उशाशी बसली ती. तुझी सख्खी बहीण बसली होती का तुझ्या बायकोच्या?"

किल्लेदार गोंधळला. "राजाचं वाक्य म्हणावं लागेल."

"एकदा म्हटलंय की चावडीवर. पुन्हा पुन्हा म्हणायला मी काय पोपट आहे? ज्या शब्दापायी माझ्या बहिणीला कोंडलीत, तो शब्द माझ्या तोंडून आता निघायचा नाही. घाल आत!"

तेवढ्यात दुलसीनला आणखी काही दिसलं. धुरपाच्या मागून खडकांवरून माणसं येत होती. सगळ्यांत पुढे पेद्रूशेठ. आयुष्यात कधी डोक्यावर ओझं न घेतलेला तो माणूस भाताचं पातेलं डोक्यावर धरून, घसरत, सावरत येत होता. त्याच्यामागे वाडीतल्या बाया, म्हातारे, इनासचा भाऊही.

"तुम्ही कोण?" किल्लेदार ओरडला.

"भाऊ," पेद्रूशेठ धापा टाकत म्हणाला. "काल आम्ही प्रार्थनेला बसलो होतो. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे मागणं आलं आणि माझी जीभ अडली. माझ्या घरात पोती भरलेली, आणि मी देवाकडे कोणाच्या भाकरीचं मागत होतो? दार उघडा. वाक्य आम्ही म्हणणार नाही. एकदा म्हटलं तेवढं पुरे झालं."

"एवढ्यांना ठेवायला कोठड्या नाहीत! परत जा. भरतीची वेळ झाली."

कोणी परत गेलं नाही. खडकांवरच सगळे उभे राहिले. कोणीतरी गाणं सुरू केलं, कैतानबाबांनी शिकवलेलं. पाणी घोट्यांना लागलं. मग पोटऱ्यांना. पातेली आणि टोपल्या डोक्यावर गेल्या. पाणी गुडघ्यांवर आलं. झरोक्यातून पाहताना दुलसीनचे हात गजांवर गच्च आवळले गेले.

"अरे, बुडाल!" किल्लेदार किंचाळला. त्याने लढाया पाहिल्या होत्या, माणसं मरताना पाहिली होती. पण डोक्यावर भात धरून बुडायला उभी राहिलेली माणसं त्याने पाहिली नव्हती. पाणी कमरेला लागलं तेव्हा त्याने अडसर काढला.

सगळे आत आले, आणि मागे समुद्राने वाट मिटवली. अंगण माणसांनी भरून गेलं. आता एवढ्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं तरी कुठे? किल्लेदाराने कोठडीचं दार उघडलं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

कैतानबाबांना उचलून उन्हात आणलं. पेद्रूशेठ त्यांच्या पायाशी बसला. कैतानबाबांनीच त्याच्या घामाने ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "भात मऊ शिजलाय ना रे? दात राहिले नाहीत आता."

लोक रडता रडता हसले. दुलसीनने त्यांना भात भरवला. चार घास त्यांनी खाल्ले. मग म्हणाले, "पोट भरलं." सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, जणू कोणी राहिलं तर नाही ना हे पाहत होते. ऊन उतरायच्या आत, दुलसीनच्या मांडीवर, त्यांनी प्राण सोडला.

किल्ल्यात एवढी माणसं शिरल्याची बातमी राजापर्यंत गेली. ओहोटी लागताच राजा स्वतः आला, मागे प्रधान. अंगणात प्रेत होतं आणि भोवती माणसं बसली होती. कोणी पळालं नाही, कोणी आरडाओरडा केला नाही.

"प्रेत नातेवाइकाच्याच ताब्यात देता येतं," प्रधान म्हणाला. "याला नातेवाईक नाही. समुद्रात टाका."

अंगणातली सगळी माणसं उठून उभी राहिली. धुरपाही.

राजाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर दुलसीनवर स्थिरावली. "तुला मी ओळखतो. तू चावडीवर गुडघे टेकलेस. तेव्हा म्हणालीस, आणि आता नाही म्हणतेस. का?"

"महाराज, तेव्हा मी एकटी आहे असं मला वाटलं," दुलसीन म्हणाली. "बांधलेल्या माणसांच्या शेजारी उभी होते, तरी एकटी. नंतर त्यांच्याबरोबर जेवले, तेव्हा कळलं की मी एकटी कधीच नव्हते. मग भीती राहिली, पण ती मला वाकवू शकली नाही."

खाऱ्या पाण्याने माणसांचे कपडे अजून ओलसर होते, कमरेपर्यंत. ती ओल राजा पाहत होता.

"प्रधानजी," त्याने हळूच विचारलं, "मी उद्या असा कुठे कोंडला गेलो, तर माझ्यासाठी कमरेइतक्या पाण्यात कोण उभं राहील?"

प्रधानाने मान खाली घातली. त्याला आपले कोरडे जोडे दिसले.

राजाला उत्तर मिळालं. त्याने इनासला आणि दुलसीनला सोडलं. चावडीवरचं वाक्य त्या दिवसापासून कोणाला म्हणावं लागलं नाही. कैतानबाबांना त्यांच्या माणसांनी खांद्यावर घेऊन, खडकांच्या वाटेने, गात गात काठावर आणलं. इनासच्या भावाने पुढचा खांदा दिला. इनासने त्याला अडवलं नाही, पण त्याच्याशी बोलायला त्याला पुढे बरेच महिने लागले.

दुलसीनला तिचा वाफा परत मिळाला. पण ओहोटी लागली की ती मिठागर सोडून निघायचीच. पाणकोटात अजून माणसं होती. कोणी चोर, कोणी दंगेखोर, कोणी न केलेल्या गुन्ह्यात अडकलेला. त्यांतल्या पुष्कळांना कोणी नव्हतं. आता तिच्यामागे कधी पेद्रूशेठ असे, कधी धुरपा, कधी वाडीतलं आणखी कोणी. किल्लेदार आता नातं विचारत नसे. पाणी चढायला किती वेळ आहे तेवढं सांगे.

म्हणून मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: श्रद्धेपायी जो कोंडला गेला, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि प्रार्थना झाली की उठून भाकरी थापावी.